दारासुरमचा द्वारपाल आणि त्सुनामीनंतरचे शेजारी

कुंभकोणमपासून तीन-चार किलोमीटरवर दारासुरम् आहे. सुट्टीचा दिवस होता, म्हणून सकाळीच निघालो. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ बघायला लोक येतात ते रथाच्या आकाराच्या मंडपासाठी. दगडी चाकं, ते ओढणारे दगडी घोडे, आणि ठोकल्यावर सूर देणाऱ्या पायऱ्या. मी आलो होतो एका द्वारपालाची जागा बघायला. तो द्वारपाल आता इथे नाही, तंजावरच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. पण बरीच शतकं तो दारासुरमला होता, आणि त्याच्या मूळ गावाचं आपल्याशी नातं आहे.

मूर्तीचा दगड आणि घडण दोन्ही चालुक्यांची. खाली पीठावर मात्र तमिळ अक्षरं कोरली आहेत. विजयराजेंद्रदेवाने कल्याणपूर जाळून आणलेला हा द्वारपाल, असा त्यांचा अर्थ. विजयराजेंद्र म्हणजे पहिला राजाधिराज चोळ, आणि कल्याणपूर म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचं बसवकल्याण. बिदर जिल्ह्यातलं हे गाव आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेला लागून आहे. अकराव्या शतकाच्या मध्यात कावेरीकाठची फौज तिथवर गेली, राजधानी जाळली आणि परतताना दारावरचा राखणदार उचलून घेऊन आली. ज्याचं कामच दार राखण्याचं, तोच लुटीत गेला.

एका देशाचं सैन्य दुसऱ्याच्या दारात जातं ते बहुतेक वेळा असंच. म्हणून परदेशी वर्दी दारात दिसली की घरच्याच्या पोटात गोळा येतो. पण कधीकधी सैन्य औषधं आणि पाणी घेऊनही जातं. तेव्हा काय होतं, पोटातला तो गोळा विरघळतो का, आणि विरघळला तर किती दिवस, हा आजच्या लेखाचा विषय. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण इथून दोन तासांच्या अंतरावर, नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर घडलं.

नागपट्टिनम हे चोळांचं मोठं बंदर. सुमात्रा आणि मलायाच्या बाजूला तेव्हा श्रीविजय नावाचं दर्यावर्दी राज्य होतं. तमिळ लेखांत त्याच्या राजाला कडारमचा राजा म्हटलं आहे. त्याने पहिल्या राजराजाच्या काळात, १००६च्या सुमारास, नागपट्टिनमला बौद्ध विहार बांधला, चूडामणी विहार. परक्या राजाचा विहार, आणि तोही परक्या धर्माचा. तरी शिवभक्त राजराजाने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम नावाचं गाव तोडून दिलं. ते दान ताम्रपटावर कायम केलं त्याच्या मुलाने, राजेंद्राने. आणि याच राजेंद्राने १०२५ साली आरमार पाठवून कडारमवर चाल केली, तिथला राजा पकडला, खजिना लुटला.

या मोहिमेत जिंकलेल्या ठिकाणांची यादी तंजावरच्या मोठ्या देवळात कोरलेली आहे. त्यात इलामुरिदेशम् हे नाव आहे. अभ्यासक ते सुमात्राच्या उत्तर टोकाला, म्हणजे आजच्या आचे प्रांतात दाखवतात. नक्कवारम् हेही नाव आहे. ते आपलं निकोबार. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहेत.

गोष्ट इथे संपत नाही. १०९० साली कडारमच्या राजाचे दूत चोळांच्या दरबारी आले आणि विहाराच्या गावांना करमाफी मागितली. पहिल्या कुलोत्तुंगाने ती दिली आणि नवा ताम्रपट केला. म्हणजे शंभर वर्षांच्या आत दान, स्वारी आणि पुन्हा दान. दोन राज्यांचं नातं एकाच ओळीत सांगता येत नाही, ते हे असं.

आता २६ डिसेंबर २००४. रविवार. आपल्या घड्याळात सकाळी साडेसहाला दोन मिनिटं कमी असताना आचेच्या किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ फाटला. भूकंपाची तीव्रता ९हून जास्त. आधी आचे बुडालं, मग निकोबार. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर जवान आणि त्यांच्या घरच्यांसह शंभराहून अधिक माणसं गेली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. नऊच्या सुमारास लाट नागपट्टिनमला आली. आदल्या दिवशी नाताळ झाला होता, वेलांकण्णीला यात्रेकरूंची गर्दी होती, आणि कोळीवाड्यांतली माणसं किनाऱ्यावरच होती. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली. त्याच वर्षी जुलैमध्ये कुंभकोणमच्या शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली होती. आणि त्याच २००४मध्ये दारासुरमचं हे देऊळ जागतिक वारसा यादीत आलं. इथल्या लोकांना ते वर्ष देवळासाठी आठवत नाही.

लष्करी दृष्टीने पुढचे काही दिवस अभ्यासण्यासारखे आहेत. आपलाच किनारा उद्ध्वस्त झालेला, अंदमान-निकोबारशी संपर्क तुटलेला. अशा वेळी कुठलाही देश आधी स्वतःचं बघतो. पण त्याच दिवशी नौदलाची हेलिकॉप्टरं मदत घेऊन श्रीलंकेत उतरली. एकाच वेळी पाच मोहिमा चालल्या. तमिळनाडू-आंध्र किनाऱ्यासाठी ‘मदद’, अंदमान-निकोबारसाठी ‘सी वेव्हज’, श्रीलंकेसाठी ‘रेनबो’, मालदीवसाठी ‘कॅस्टर’ आणि इंडोनेशियासाठी ‘गंभीर’. नौदलाने या पाचांसाठी ३२ जहाजं लावली. समुद्राची मोजणी करणाऱ्या ‘जमुना’ आणि ‘निरूपक’ या जहाजांवर खाटा आणि औषधं चढवून त्यांची तरंगती इस्पितळं केली. ‘जमुना’ श्रीलंकेला गेली, ‘निरूपक’ आचेच्या मेऊलाबोह गावाला. तंजावरच्या भिंतीवरच्या त्या इलामुरिदेशात १०२५ साली चोळांचं आरमार लुटायला गेलं होतं. ९८० वर्षांनी, जानेवारी २००५मध्ये, याच बाजूचं जहाज तिथे जखमा शिवायला उभं होतं.

आपल्या माणसांसाठी सर्वांत अवघड होती ती श्रीलंका. कारण तिथे आपण आधी गेलो होतो. जुलै १९८७च्या करारानंतर शांतिसेना म्हणून गेलो आणि मार्च १९९०मध्ये परतलो, तेव्हा सुमारे बाराशे जवान मागे राहिले होते. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच लढाईत मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच नावाने लढणाऱ्या संघटनेशी लढावं लागलं, आणि ज्या सरकारच्या करारावर गेलो त्यानेच पुढे निघून जा म्हटलं. माझ्या पहिल्या युनिटमध्ये एक सुभेदार साहेब होते, जाफन्यात दोन वर्षं काढलेले. तो विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. त्सुनामीनंतरच्या आठवड्यात टीव्हीवर श्रीलंकेकडे निघालेली जहाजं दाखवत होते. साहेब या वेळी उठले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, “या वेळी डॉक्टर पाठवलेत. बरं केलं.”

त्या एका वाक्यात मला सगळं धोरण दिसतं. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसं गेली होती. गालच्या बंदरात बुडालेल्या बोटी आणि ढिगारा अडकून मदतीची जहाजं धक्क्याला लागत नव्हती. आपल्या पाणबुड्यांनी बंदर मोकळं केलं, मोजणी जहाजांनी पाण्याची खोली नव्याने मोजून दिली. हे काम करायला शत्रू लागत नाही, बंदूक लागत नाही. पण ते करायला आरमारच लागतं. बंदर बंद, रस्ता वाहून गेलेला, वीज नाही, अशा ठिकाणी स्वतःचं पाणी, स्वतःचं इंधन, स्वतःचा वायरलेस आणि स्वतःचं लंगर घेऊन पोहोचणारी संस्था जगात एकच, सैन्य. म्हणूनच मदत आणि संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. जे जहाज आज तांदूळ उतरवतं, त्याला उद्या तुमच्या बंदराची खोली माहीत असते.

यजमान देशालाही हे कळतं. आचेमध्ये तेव्हा स्वातंत्र्य मागणाऱ्या बंडखोरांशी इंडोनेशियाचं युद्ध चालू होतं आणि प्रांत परदेशी लोकांना जवळजवळ बंद होता. लाटेनंतर दार उघडावं लागलं. अमेरिकेची विमानवाहू नौका, ऑस्ट्रेलियाचे इंजिनिअर, आपली जहाजं, सगळे आले. पण जानेवारीच्या मध्यातच जकार्ताने सांगितलं की परदेशी सैन्यांनी मार्चअखेरपर्यंत निघावं. काहींना हा कृतघ्नपणा वाटला. मला वाटत नाही. कारण आपणही तेच केलं होतं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी परदेशांना कळवलं की आमचं आम्ही बघू, गरज पडली तर सांगू. नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर परदेशी हेलिकॉप्टर उतरलं नाही. मदत घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जाण्याचा तो निर्णय होता. ज्याला स्वतःच्या दाराची एवढी काळजी, त्याने दुसऱ्याच्या दाराचीही समजून घ्यावी.

पुढच्याच वर्षी याचा दुसरा टोकाचा अनुभव आला. ८ ऑक्टोबर २००५ला काश्मीरमध्ये भूकंप झाला. सर्वांत मोठा संहार नियंत्रणरेषेच्या पलीकडे. आपण मदतीचं सामान दिलं, हेलिकॉप्टरं देऊ केली. पाकिस्तान म्हणालं, हेलिकॉप्टर द्या, पण वैमानिक आमचे. आपण नाही म्हटलं. कुठलीही फौज आपलं हेलिकॉप्टर दुसऱ्याच्या फौजेच्या हाती देणार नाही, आणि कुठलीही फौज आपल्या ठाण्यांवरून शेजाऱ्याच्या वैमानिकाला उडू देणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि डोंगरात माणसं ढिगाऱ्याखाली. नोव्हेंबरमध्ये नियंत्रणरेषेवर काही ठिकाणी वाट उघडली, तेवढंच. विश्वास आधी कमावलेला नसेल तर भूकंपाच्या दिवशी तो उसना मिळत नाही.

पुन्हा त्सुनामीकडे. लाटेनंतर तीन दिवसांनी, २९ डिसेंबरला, अमेरिकेने जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारताबरोबर एक गट जाहीर केला. जपान आणि ऑस्ट्रेलिया हे अमेरिकेचे करारबद्ध मित्र. भारताचा असा लष्करी करार कुणाशीच नव्हता, आजही नाही. तरीही त्या गटात आपण बसलो ते एकाच कारणाने. ज्या पाण्यात काम करायचं होतं तिथे आपली जहाजं आधीच होती. गटाला इमारत नव्हती, सचिवालय नव्हतं. आपले परराष्ट्र सचिव श्याम सरन आणि बाकी तीन देशांचे अधिकारी रोज फोनवर बोलायचे. कुणाचं जहाज कुठे, कुठल्या धावपट्टीवर जागा आहे, पाणी कुठे कमी पडतंय. ६ जानेवारी २००५ला जकार्ताच्या परिषदेत गट बरखास्त झाला आणि काम संयुक्त राष्ट्रांकडे गेलं. आयुष्य नऊ दिवसांचं.

पण त्या फोनवर जी सवय लागली ती उरली. मे २००७मध्ये हेच चार देश मनिलाला पुन्हा बसले. सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात मलबार कवायतीला या चौघांबरोबर सिंगापूरही होतं. चीनने नाराजी कळवली, २००८मध्ये ऑस्ट्रेलिया मागे सरला, गट झोपला. २०१७मध्ये जागा झाला आणि २०२१पासून चार देशांचे प्रमुख भेटू लागले. आज आपण त्याला क्वाड म्हणतो. त्या नेत्यांनी स्वतःच या गटाचं मूळ त्सुनामीच्या मदतकार्यात असल्याचं सांगितलं आहे. आता कुणी म्हणतं हा गट चीनसाठी, कुणी म्हणतं हा नुसता गप्पांचा अड्डा. मी एवढंच सांगतो की त्याची सुरुवात नकाशावर शत्रू शोधून झाली नव्हती.

यावरून कुणी म्हणेल, आपत्ती राष्ट्रांना जवळ आणते. थांबा. एकाच लाटेने बुडालेल्या दोन ठिकाणी काय झालं ते बघा. आचेमध्ये इंडोनेशियाचं सरकार आणि बंडखोर यांनी १५ ऑगस्ट २००५ला हेलसिंकीत करार केला आणि युद्ध थांबलं. श्रीलंकेत सरकार आणि वाघांनी मदत एकत्र वाटायचा करार जून २००५मध्ये केला. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातले महत्त्वाचे भाग रोखले, आणि २००६मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. लाट तीच, तारीख तीच. फरक जमिनीवरच्या माणसांचा.

आणि कृतज्ञतेवर भिस्त ठेवू नये, हेही आपण शिकलो. २५ एप्रिल २०१५ला नेपाळ हादरलं. आपली विमानं काही तासांत काठमांडूत उतरली. गोरखा पलटणींमुळे ते आपल्याच जवानांच्या घरी जाण्यासारखं होतं. पण आठवड्याभरात आपल्या वाहिन्यांच्या वार्तांकनावर तिथले लोक संतापले आणि सप्टेंबरमध्ये सीमेवर ट्रक अडल्यावर उरलीसुरली माया आटली. मालदीवला आपण १९८८मध्ये बंड मोडायला गेलो, २००४मध्ये लाटेनंतर गेलो, डिसेंबर २०१४मध्ये माले शहराचं पाणी बंद पडलं तेव्हा विमानं-जहाजं भरून पाणी नेलं. बेटांवरचे आजारी हलवायला आपण दिलेली हेलिकॉप्टरं होती. त्याच हेलिकॉप्टरांवरचे आपले गणवेशधारी निवडणुकीचा मुद्दा झाले आणि २०२४मध्ये त्यांना परत यावं लागलं. त्यांच्या जागी बिगरलष्करी कर्मचारी गेले, हेलिकॉप्टरं उडत राहिली. म्हणजे त्यांना मदत नको नव्हती. वर्दी नको होती.

मग टिकतं काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, वेळेवर परत येणं. पाहुण्याने जेवण झाल्यावर उठावं, हे घरात कळतं तसं फौजेलाही कळलं पाहिजे. १९८७ला आपल्याला परतीचा दिवस माहीत नव्हता, २००४ला माहीत होता. दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. २००४ला सुमात्रात भूकंप झाल्यापासून नागपट्टिनमला लाट येईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ होता. हिंदी महासागरात इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती, म्हणून ते दोन तास वाया गेले. भूकंपमापकाला भूकंप कळतो तशी जमिनीखालची अणुचाचणीही कळते, त्यामुळे ही माहिती दुसऱ्याला देताना सगळेच देश हात आखडता घेतात. त्सुनामीनंतर तो हात थोडा सैल झाला. हैदराबादचं इशारा केंद्र ऑक्टोबर २००७मध्ये सुरू झालं. आता भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तीन देश मिळून हिंदी महासागराच्या सगळ्या किनाऱ्यांना इशारे देतात. ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. मोठी लाट आली नाही, पण इशारे काही मिनिटांत गेले. ज्या आचेला आपण औषधं नेली, तोच किनारा असलेला देश आज नागपट्टिनमच्या कोळ्यांसाठीही पहारा देतो. करारपत्रावर सही नसलेली ही युती मला पुष्कळ सह्या असलेल्या युत्यांपेक्षा भक्कम वाटते.

देवळातून निघताना पुन्हा त्या द्वारपालाचा विचार आला. त्याच्या मुलखाला, बसवकल्याणच्या पलीकडच्या किल्लारीला, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हा ढिगारे उपसायला आलेल्या फौजेत तमिळही होते, शीखही, गोरखेही. कधीकाळी याच तमिळ देशाची फौज ती राजधानी जाळून गेली होती, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नसेल. ते एका देशात शक्य झालं, कारण मधली नऊशे वर्षं नातं बदलत गेलं. देशादेशांत ते आपोआप बदलत नाही, एकेका फेरीने बदलावं लागतं.

चोळांनी दोन्ही केलं. द्वारपाल उचलून आणला आणि विहाराला गावही दिलं. दोन्ही कोरून ठेवलं, एक दगडावर, दुसरं तांब्यावर. फौजेत असताना कुठल्या मोहिमेवर पाठवतील ते आपल्या हाती नसतं. पण माझ्या सुभेदार साहेबांना विचारलं असतं की आपलं नाव यांतल्या कशावर असावं, तर मला त्यांचं उत्तर माहीत आहे.

जय हिंद.